समुद्रतळाचा ‘पापा फ्लॅश’

सफरचंद भेदून जाणारी गोळी, दुधाच्या थेंबाचा मुकुट... ही छायाचित्रे आपण कुठे ना कुठे पाहिलेली असतात. ती टिपणारे हॅरल्ड एजर्टन (जन्म १९०३, नेब्रास्का) हे अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक. १९५३ पासून जाक कुस्तोंच्या सहवासात त्यांना समुद्राचे वेड लागले. कुस्तोंचे खलाशी त्यांना ‘पापा फ्लॅश’ म्हणत.

खोल पाण्यात सोडलेला कॅमेरा तळापासून किती उंचावर आहे, हे कळत नसे. म्हणून एजर्टननी ध्वनीचे ठोके देणारे यंत्र बनवले. प्रतिध्वनी परतायला लागणाऱ्या वेळावरून अंतर निघे. गंमत म्हणजे हे ठोके गाळातही शिरत आणि आतल्या थरांचा पत्ता देत! प्रकाशाचा जादूगार असा ध्वनीकडे वळला.

१९५६ साली त्यांचा मुलगा पाण्याखालील अपघातात गेला. बापाने तरीही समुद्र सोडला नाही.

१५४५ मध्ये बुडालेले इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ जहाज गाळात गडप झाले होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा माग काढताना एजर्टन यांची यंत्रे कामी आली. १९७३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते केप हॅटरासजवळ ‘मॉनिटर’च्या शोधात निघाले. १८६२ अखेर बुडालेली ही लोखंडी युद्धनौका सुमारे सत्तर मीटर खोलीवर सापडली, तीही पालथी पडलेली.

‘मेरी रोझ’ १९८२ मध्ये वर आले, ते त्यांच्या हयातीतच. जानेवारी १९९० मध्ये एमआयटीच्या आवारातच त्यांचे निधन झाले.