वेषामागील माणूस

इंग्लंडात 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकाने १८७४ साली हेन्री आयर्व्हिंग ह्या विख्यात नटाचे भूमिकेच्या वेषातील व्यंगचित्र छापले. अशा चित्रांत नटाचा वेष उतरतो. अंतःकरण उतरत नाही. आपल्याकडील नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व ह्यांची स्त्रीवेषातील छायाचित्रेही तशीच होत.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. म्हणून नायिकांच्या भूमिका पुरुषच करीत. नारायणरावांची शकुंतला व भामिनी पाहून घरोघरच्या स्त्रिया त्यांच्या पेहरावाचे अनुकरण करू लागल्या.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या निवर्तली. प्रयोग मात्र रद्द झाला नाही. पित्याचा शोक आवरून ते भामिनीच्या वेषात प्रेक्षकांसमोर उभे राहिले. ह्यास कोणी निष्ठुरता म्हणेल; परंतु मंडळीतील सर्वांचे श्रम त्या एका प्रयोगावर अवलंबून होते.

१९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. धंतोलीतील बालमित्रहो, त्यांचे चित्र पाहाल तेव्हा दागिन्यांच्या झगमगाटामागील तो पिताही आठवा.