गाणं कागदावर उतरवणारे वकीलसाहेब

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसावर लिहा, असं कमिटीने सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. पंडित विष्णू नारायण भातखंडे. आपल्या सोसायटीत पेटी, तबला, सिंथेसायझर शिकणारी निदान दहा-बारा मुलं आहेत. त्यांच्या वहीत सा रे ग म च्या खाली-वर जी टिंबं आणि रेघा असतात, त्या या गृहस्थांच्या.

जन्म मुंबईचाच, वाळकेश्वरचा. 10 ऑगस्ट 1860, आणि त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, 1885 साली बी.ए., 1887 साली एलएल.बी. काही काळ कराचीत आणि मग मुंबईत वकिली केली. पण मन सतारीत आणि गाण्यात. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते विद्यार्थीदशेतच जाऊ लागले होते. रावजीबुवा बेलबागकरांकडे धृपद शिकले. पुढे बायको गेली, आणि थोड्याच वर्षांत एकुलती एक मुलगीही. घरात कोणी उरलं नाही. वकिली हळूहळू सोडली आणि उरलेलं आयुष्य गाण्याला वाहून घेतलं.

त्या काळी चीज म्हणजे घरची इस्टेट. बाप मुलाला देणार, फार तर आवडत्या शिष्याला, तीही कधी अर्धीच. लिहून ठेवायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. गवई गेला की त्याच्याबरोबर पाच-पंचवीस चिजा कायमच्या गेल्या. हे आपल्यालाही नवीन नाही. आपल्या भजनी मंडळातल्या एक आजी गेल्या, तर त्यांच्या किती तरी चाली त्यांच्याबरोबर गेल्या. शब्द पुस्तकात आहेत, चाल कुठेच नाही. दर एकादशीला वाद, अशी होती की तशी!

भातखंडे गावोगाव फिरले. 1904 साली दक्षिणेत गेले, तिथले जुने ग्रंथ पाहिले, पंडितांशी चर्चा केली. जयपूरच्या, रामपूरच्या उस्तादांपुढे शिष्य म्हणून बसले. रामपुरात खुद्द नवाब हामिद अली खाँ आणि वझीर खाँसाहेबांकडून विद्या मिळवली. शिकलेला वकील, आणि खालमानेने चीज घोकतोय! मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा हेच जास्त मोठं वाटतं. चिजा काढून घेणं काही सोपं काम नव्हतं.

ऐकलेलं लिहायचं कसं? इथे त्यांनी सोपेपणा पकडला. युरोपातल्या पाच रेघा नकोत, आपली बाराखडीच पुरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. स्वर लांबला की आडवी छोटी रेघ, शब्दातलं अक्षर लांबलं की अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की त्यांच्याखाली कमान. समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार खण पाडले की झालं. वरच्या ओळीत स्वर, खाली शब्द. शाळेतली पट्टी आणि पेन्सिल एवढंच सामान! त्याच सुमारास पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचीही लिपी होती, ती अधिक बारकाव्याची, पण म्हणूनच जड. लोकांच्या हाताला बसली ती भातखंड्यांची.

या लिपीत त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत अठराशेच्या आसपास चिजा छापल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार खंड मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात, म्हणजे आपल्यासारख्यालाही वाचता यावेत. 1916 साली बडोद्याला संगीत परिषद भरवली. ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय आणि 1926 साली लखनौचं मॅरिस कॉलेज यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

टीकाही भरपूर झाली. कागदावरून गाणं येत नाही, दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत, असं जाणकार तेव्हाही म्हणत, आजही म्हणतात. खरंच आहे ते. मींडेची कमान काढता येते, पण ती मींड गळ्यातून कशी जाते ते गुरूच सांगणार. तरी मला वाटतं, हाडांचा सापळा तरी हाती असला, तर मांस भरता येतं. सापळाच नाही तर काय भरणार?

1933 पासून ते अंथरुणालाच खिळले. 19 सप्टेंबर 1936 ला, गणेशचतुर्थीच्या दिवशी गेले. क्रमिक पुस्तकांचे शेवटचे दोन भाग त्यानंतर छापून आले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी लखनौचं कॉलेज पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि आज ते भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.