पोस्टकार्डावर 'स्पेसिमेन' का छापलेलं असायचं? शिंप्याच्या मुलाने उभारलेल्या टपालव्यवस्थेची गोष्ट

ब्रिटिश भारतातलं पाव आण्याचं कोरं पोस्टकार्ड. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा छाप आणि जोडीला ठळक अक्षरात 'स्पेसिमेन' हा शब्द. असं कार्ड पत्रासाठी वापरता येत नसे. तरीही संग्राहक ते जपून ठेवतात. ही कार्डं छापली का गेली, हे समजून घ्यायचं तर एका जर्मन माणसाचं आयुष्य पाहावं लागतं: हाइनरिख फॉन श्टेफान.

कोण होते श्टेफान?

७ जानेवारी १८३१ रोजी श्टोल्प या गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा प्रशियात असलेलं हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शिंपी. घरात मोठी ओळख किंवा वशिला नव्हता. १८४८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते टपाल खात्यात लागले आणि पायरी-पायरीने वर चढत गेले.

पोस्टकार्डाची कल्पना आधी नाकारली

चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण दराचं टपाल कशाला, असा त्यांचा विचार होता. १८६५ मध्ये कार्ल्सरुहे इथल्या जर्मन टपाल परिषदेच्या वेळी त्यांनी खुल्या कार्डाची कल्पना मांडली. ती स्वीकारली गेली नाही. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने पहिलं पोस्टकार्ड आणलं आणि मान तिकडे गेला.

१८७० मध्ये श्टेफान उत्तर जर्मन संघाच्या टपाल खात्याचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी त्यांनी तिथे कार्ड सुरू केलं. काही दिवसांतच फ्रान्सशी युद्ध पेटलं. आघाडीवरच्या सैनिकांची खुशाली याच कार्डांवरून घरोघरी पोहोचू लागली.

२२ देश, एकच टपालक्षेत्र

त्या काळी परदेशी पत्राचा दर मार्गानुसार आणि देशादेशांतल्या करारांनुसार बदलायचा. हा गुंता सोडवण्यासाठी श्टेफान यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये बर्नमध्ये २२ देशांचे प्रतिनिधी जमले. ९ ऑक्टोबरला करार झाला. सर्व सदस्य देश मिळून एकच टपालक्षेत्र मानायचं आणि वसूल झालेलं टपालशुल्क ज्या त्या देशाने स्वतःकडे ठेवायचं, असं ठरलं. १८७८ मध्ये या संघटनेला युनिव्हर्सल पोस्टल युनियन हे नाव मिळालं. ब्रिटिश भारत १८७६ मध्येच सदस्य झाला होता.

मग 'स्पेसिमेन' कशासाठी?

समजा, मुंबईहून कार्ड बर्लिनला गेलं. त्यावरचा छाप खरा आहे, हे तिथल्या कारकुनाने कसं ओळखायचं? ओळखता आलं नाही, तर पत्र नॉटपेड ठरण्याची भीती. त्यामुळे सदस्य देशांनी आपल्या तिकिटांचे आणि कार्ड-पाकिटांचे नमुने बर्नच्या कार्यालयाकडे पाठवायचे आणि त्या कार्यालयाने ते इतर देशांना वाटायचे, अशी पद्धत १८७९ पासून सुरू झाली. नमुने कुणी वापरू नयेत म्हणून अनेक देश, विशेषतः ब्रिटन आणि त्याच्या वसाहती, त्यावर 'स्पेसिमेन' छापू लागले.

योगायोग म्हणजे भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड सुरू झालं तेही १८७९ च्या जुलैमध्ये. साध्या पत्राला तेव्हा अर्धा आणा लागायचा. म्हणजे निरोप निम्म्या पैशांत जाऊ लागला.

संग्राहकांना यात काय मिळतं?

पोस्टकार्ड लिहिलं, वाचलं आणि टाकून दिलं, असंच बहुतेकदा व्हायचं. नमुन्याची कार्डं मात्र सरकारी दप्तरात राहिली. पुढे काही दप्तरं बाजारात आली आणि ही कार्डं संग्राहकांच्या हाती लागली. काहींवर ती घेणाऱ्या देशाचाही शिक्का असतो. पोर्तुगालच्या खात्याने मारलेला 'अल्ट्रामार' हा शिक्का प्रसिद्ध आहे. त्यावरून नमुना कुठे जाऊन आला ते कळतं. बनावट 'स्पेसिमेन' छापही असतात, त्यामुळे अक्षरांचं वळण तपासूनच खरेदी करावी. आणि छापाचा चौकोन कापून ठेवू नये. अख्खं कार्डच पुरावा असतं.

८ एप्रिल १८९७ रोजी बर्लिनमध्ये श्टेफान यांचं निधन झालं. बर्न कराराचा दिवस, ९ ऑक्टोबर, आज जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो. त्यांची कार्डाची कल्पना एकदा नाकारली गेली होती. पण पाव आण्यात खुशाली कळवणाऱ्या भारतातल्या घरांपर्यंतही ती पोहोचलीच.