आधी आपली जागा, मग किब्ला

किब्ला म्हणजे मावळती, असे आपल्याकडे सहज सांगितले जाते. हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल्-बेरुनी यांना एवढ्यावर समाधान नव्हते. नमाजीने कुठे तोंड करावे हे ठरवायचे, तर आधी तो कुठे उभा आहे हे नेमके कळले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

बेरुनींचा जन्म 973 साली ख्वारिज्ममधील काथ शहराजवळ, आजच्या उझबेकिस्तानात झाला. 997 मध्ये, ऐन तेविशीत, त्यांनी काथमधून आणि अबुल वफा यांनी बगदादमधून एकाच चंद्रग्रहणाची वेळ नोंदवली. दोन्ही वेळांच्या फरकातून दोन्ही शहरांच्या रेखांशांतील अंतर निघाले.

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि बेरुनींना गझनीला नेले. वतन सुटले, मर्जी दुसऱ्याची. 1018 च्या ऑक्टोबरात काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांच्यापाशी एकही उपकरण नव्हते. तेव्हा हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचा कंस आखून, त्यावर अंश पाडून त्यांनी सूर्याची उंची मोजली.

गझनीचा किब्ला काढण्यासाठी लिहिलेला ‘तहदीद निहायात अल्-अमाकिन’ हा ग्रंथ त्यांनी 1025 मध्ये पूर्ण केला. बगदादपासून गझनीपर्यंत एकेक शहराचे स्थान त्यांनी त्यासाठी पक्के केले. आपल्या माथ्यावरचा आकाशबिंदू, मक्केच्या माथ्यावरचा बिंदू आणि ध्रुव हे तीन बिंदू जोडले की गोलावर त्रिकोण होतो. आपल्या बिंदूपाशी होणारा त्याचा कोन म्हणजे उत्तरेपासून किब्ल्याची दिशा.

हाच हिशेब सेनगावला लावून पाहता येतो. मक्का सेनगावपेक्षा जेमतेम दीड-दोन अंश उत्तरेला आहे. सपाट नकाशावर ती जवळजवळ सरळ पश्चिमेला दिसते. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट आधी उत्तरेकडे झुकते. म्हणून इथला किब्ला ठीक पश्चिमेपासून सुमारे 9 अंश उत्तरेला येतो. पडताळा साधा आहे. 28 मे रोजी दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य काब्याच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी सेनगावात सूर्याकडे तोंड केले की तोच किब्ला.

बेरुनी पुढे संस्कृत शिकले, हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला आणि 1050 च्या सुमारास गझनीतच त्यांचा इंतकाल झाला. घर हरवलेल्या या माणसाने इतरांना मात्र आपण कुठे उभे आहोत आणि तोंड कुठे करायचे, हे अंशांत मोजून दाखवले.