फुला-मुलांचे कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

संडे स्कूलला धावत येणारी मुलं मिसरूड फुटलं की चर्चच्या बाकांवर दिसेनाशी होतात, ही काळजी आपल्या सोनागिरीतल्या घरांतही बोलून दाखवली जाते. मुलांना ओरडून ती थांबत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग काय करावं? या प्रश्नाच्या मुळाला हात घालणारा एक माणूस मराठीत होऊन गेला, त्याची ही ओळख.

नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण घरात झाला. वडील तापट होते. मुलाचा सगळा जीव आईवर, आणि ती लवकर गेली. मग नारायणाने घर सोडलं आणि नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याला संस्कृत शिकायला मिळालं. पोरक्या पोराला कुणीतरी जवळ केलं, म्हणून पुढचा कवी घडला.

१८८० मध्ये मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. नागपूर, राजनांदगाव अशी भटकंती चालू असताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची किंमत मोठी होती. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे राहिले, टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये धर्म उभा राहिला. पण टिळकांनी पत्रं आणि भेटी सोडल्या नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, आधी आपलं सोवळं सांभाळून, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. विश्वास लादून येत नाही, हा धडा टिळकांना स्वतःच्या घरातच मिळाला.

तेव्हाच्या चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर म्हटली जात. आणि खेड्यातून आलेली मुलं वाढलेली असायची अभंगावर, ओवीवर, टाळ-मृदंगावर. देवाच्या घरात शिरताना आपली भाषा चपलेसारखी बाहेर काढून ठेवायची, असाच तो प्रकार. टिळकांनी तो बदलायला घेतला. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडली होती, टिळक त्या वाटेवर पुढे गेले. त्यांनी शेकडोंच्या घरात मराठी भक्तिगीतं लिहिली. ‘उपासनासंगीत’ उघडलं की त्यांचं नाव पानोपानी भेटतं. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी विभागही त्यांनी सांभाळला. फुलांवर आणि मुलांवर इतकं लिहिलं की लोक त्यांना फुला-मुलांचे कवी म्हणू लागले.

त्यांच्या घराची गोष्ट तर आणखी वेगळी. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हणून गाजला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं जेवूखाऊ घातलं, रागावल्या, समजावलं. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, पण म्हणून त्या घरातली त्यांची जागा कमी झाली नाही. मे १९१८ मध्ये, अवघ्या २७व्या वर्षी, रेल्वेखाली सापडून ते गेले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. चर्चमधल्या अनेकांना हे रुचलं नाही. प्रयोग मुळं धरण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

आणि तो दत्तू? तो देवदत्त नारायण टिळक झाला, ख्रिस्ती लेखक म्हणून नावारूपाला आला. आईच्या मागे लागून तिच्याकडून आठवणी लिहून घेणारा तोच. त्यातूनच १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ मराठीला मिळालं.

मित्रांनो, टिळकांकडे मुलं टिकवायची काही योजना नव्हती. मुलाला त्याच्या भाषेत गाऊ द्यायचं, घरात ताटाला ताट लावून बसवायचं आणि त्याच्या होकाराची वाट बघायची, एवढंच ते करत. काही मुलं विश्वासात आली, काही नाही आली. दार मात्र कुणालाच बंद झालं नाही. आपल्या चर्चमधल्या मुलांच्या हातात ढोलकी द्यायला आणि त्यांचे अवघड प्रश्न न चिडता ऐकायला आपण तयार आहोत का, एवढं मंडळाच्या पुढच्या बैठकीत बोलूया.