रोआल्ड आमुंडसेन
रोआल्ड आमुंडसेन (१६ जुलै, १८७२ - १८ जून, १९२८) हे नॉर्वेचे ध्रुवीय शोधक होते. दक्षिण ध्रुवावर पोहोचणाऱ्या पहिल्या तुकडीचे ते नेते होते.

सुरुवातीचे जीवन
आमुंडसेन यांचा जन्म नॉर्वेतील बोर्गे येथे जहाजमालकांच्या घराण्यात झाला. आईच्या इच्छेखातर ते वैद्यकशास्त्र शिकू लागले. परंतु तिच्या निधनानंतर ते शिक्षण सोडून त्यांनी खलाशाचा पेशा पत्करला. १८९७-९९ च्या 'बेल्जिका' मोहिमेत त्यांचे जहाज अंटार्क्टिकाजवळील बर्फात अडकले. खलाशांना स्कर्व्हीने ग्रासले असता सील व पेंग्विन यांच्या ताज्या मांसाने ते सावरले.

वायव्य मार्ग
१९०३ ते १९०६ या काळात 'योआ' या लहान जहाजातून सहा सोबत्यांसह त्यांनी अटलांटिकमधून पॅसिफिक महासागरात नेणारा वायव्य मार्ग प्रथमच पार केला. वाटेत किंग विल्यम बेटावर सुमारे दोन वर्षे मुक्काम असताना तेथील नेत्सिलिक इनुइट लोकांकडून ते कुत्र्यांच्या स्लेज गाड्या हाकणे व कातड्याचे सैल कपडे वापरणे शिकले.

दक्षिण ध्रुव
१९ ऑक्टोबर, १९११ रोजी आमुंडसेन चार सोबती, चार स्लेज व ५२ कुत्रे घेऊन निघाले. माणसे स्कीवरून चालत. वाटेवर अन्नसाठे आधीच ठेवलेले होते व ते धुक्यातही सापडावेत म्हणून दोन्ही बाजूंना निशाणांच्या रांगा लावल्या होत्या. पठारावर चढल्यावर २४ कुत्रे मारून त्यांचे मांस माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घातले गेले. १४ डिसेंबर रोजी तुकडी ध्रुवावर पोहोचली. ९९ दिवसांनी पाचही जण तळावर सुखरूप परतले. कुत्रे मात्र ११च उरले होते. मोटार स्लेज व तट्टांवर विसंबलेल्या रॉबर्ट स्कॉट यांच्या ब्रिटिश तुकडीला पुढे स्वतःच स्लेज ओढाव्या लागल्या. ती १७ जानेवारी, १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचली. परतताना तिच्यातील पाचही जण मरण पावले.

हवाई प्रवास व मृत्यू
पुढे आमुंडसेन हवाई प्रवासाकडे वळले. मे १९२६ मध्ये 'नोर्गे' या हायड्रोजनभरित वायुनौकेतून त्यांनी स्पिट्सबर्गनहून उत्तर ध्रुवावरून अलास्का गाठले. 'नोर्गे'चे रचनाकार व चालक उंबेर्तो नोबिले यांच्याशी श्रेयावरून त्यांचे वितुष्ट आले. तरीही १९२८ मध्ये नोबिले यांची 'इटालिया' वायुनौका बर्फावर कोसळली, तेव्हा आमुंडसेन त्यांच्या शोधासाठी 'लॅथम' विमानातून निघाले. ते विमान परतले नाही. त्याचे काही अवशेष नंतर समुद्रात सापडले. आमुंडसेन यांचा देह मिळाला नाही. नोबिले यांची मात्र सुटका झाली.