तीन अंड्यांसाठी पाच आठवडे अंधारात

एडवर्ड विल्सन हे नाव दक्षिण ध्रुवाच्या इतिहासात कॅप्टन स्कॉट यांचे सोबती म्हणून येते. पण ते मुळात डॉक्टर होते, आणि डॉक्टर होण्याआधी क्षयाचे रुग्ण.

१८७२ साली इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे त्यांचा जन्म झाला. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १८९८ मध्ये त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार, एवढाच उपचार. नॉर्वे व स्वित्झर्लंडमध्ये राहून ते बरे झाले, १९०० मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १९०१ मध्ये स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ व चित्रकार म्हणून अंटार्क्टिकाला निघाले.

१९०२ च्या अखेरीस स्कॉट आणि शॅकल्टन यांच्यासह ते ८२ अंश दक्षिणेपर्यंत गेले. या प्रवासात तिघांनाही स्कर्व्हीने गाठले. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा लागायचा होता. आपल्याकडे आवळा, लिंबू, पेरू सहज मिळतात. बर्फात काही उगवत नाही. तिथे सीलचे ताजे मांस खाल्ले की आजार हटतो, एवढे अनुभवाने कळले होते.

याच मोहिमेत केप क्रोझियर येथे एम्परर पेंग्विनची वसाहत सापडली. वसंत ऋतूतच पिल्ले मोठी झालेली पाहून विल्सन यांनी ताडले, की हा पक्षी अंडी ऐन हिवाळ्यात घालतो. यामागे हिशेब आहे. उन्हाळ्यात समुद्रात अन्न मुबलक असते, तोवर पिल्लू पोहण्याजोगे व्हायला हवे. त्यासाठी नर सुमारे दोन महिने उपाशी राहून पायांवर अंडे उबवतो.

अंड्यातील गर्भावरून पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचे नाते उलगडेल, असे विल्सन यांना वाटे. म्हणून १९११ च्या जून अखेरीस दोन सोबत्यांसह ते ध्रुवीय रात्रीच्या अंधारात निघाले. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला. संग्रामपूरकडे मे महिन्यात तो ४५ कडे झुकतो, म्हणजे इथल्यापेक्षा शंभराहून अधिक अंश खाली! पाच आठवड्यांनी तिघे तीन अंडी घेऊन परतले. पुढे तपासणीत विल्सन यांचा तर्क सिद्ध झाला नाही. पण पेंग्विनच्या जगण्याची त्यांची निरीक्षणे टिकली.

ती आज अधिक मोलाची आहेत. गोठलेला समुद्र हेच या पक्ष्याचे प्रसूतिगृह. २०२२ मध्ये बेलिंग्सहाऊझेन समुद्रातील बर्फ वेळेआधी फुटला. पिल्लांना अजून पाणी न शिरणारी पिसे आली नव्हती. त्या भागातील पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचले नसावे, असे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दिसले.

१७ जानेवारी १९१२ रोजी विल्सन स्कॉट यांच्यासह दक्षिण ध्रुवावर पोहोचले. अमुंडसेन महिनाभर आधीच येऊन गेले होते. परतताना पाचही जण दगावले. मार्च अखेरीस तंबूत मृत्यू आला, तेव्हा विल्सन ३९ वर्षांचे होते. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला मृतदेहांजवळ सुमारे १६ किलो दगड मिळाले. अन्न संपत असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. तसेच ठसे आपल्या विदर्भात, नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात. विदर्भ आणि अंटार्क्टिका एकेकाळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, त्याचा हा पुरावा.